पत्ता यंत्राचा की जागेचा?

शेंदूरजनाघाटच्या माणसाचे बँकखाते काय किंवा सातबाराचा उतारा काय, आज दूरच्या सर्व्हरवरून चालतो. नव्या मुंबईत ऐरोली-महापे भागात अशा यंत्रांची प्रचंड घरे आहेत. तेथे राबणाऱ्या कामगारांकडूनच आम्ही ही विद्या शिकलो.

जागा वाचावी म्हणून अनेक सर्व्हर एका लोखंडी पेटीत खणाखणांतून बसवतात. वीज, पंखे व जाळ्याची जोडणी सामाईक असते. एचपी कंपनीच्या सी-७००० या पेटीत असे १६ सर्व्हर मावत.

प्रत्येक सर्व्हरच्या जाळे-कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा पत्ता मिळतो. त्याचा पहिला अर्धा भाग आयईईई ही संस्था कंपनीला नेमून देते. उरलेला कंपनी भरते. म्हणजे हा पत्ता कार्डाचा. कार्ड जळाले की पत्ताही गेला! नवे कार्ड येते, पण जुन्या पत्त्यावर बांधलेला परवाना आणि राखून ठेवलेला जाळे-क्रमांक त्याला ओळखत नाहीत. मग मध्यरात्री चार खात्यांची दारे ठोठवावी लागतात.

यावर तोड निघाली ती अशी, की पत्ता कार्डाला न देता खणाला द्यावा. पेटीची व्यवस्थापक-यंत्रणा खणासाठी पत्ता राखते व त्यात बसेल त्या सर्व्हरला तोच देते. सर्व्हर बदलला, तरी बाहेरच्या जगाला पत्ता जुनाच दिसतो. आपण स्वतः पत्ता ठरवला, तर पहिल्या जोडीतले दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असावे. ती स्थानिक पत्त्याची खूण आहे. काही कंपन्या मात्र यासाठी आपल्याच पट्ट्यातले पत्ते राखून ठेवतात.

धोका पुढेच आहे. एकाच जाळ्यावर दोन पेट्या असल्या आणि दोघींना एकच पट्टा दिला, तर दोन यंत्रांचा पत्ता एक होतो. स्विच बिचारा क्षणात या दाराशी, क्षणात त्या दाराशी निरोप टाकतो. दोन्ही यंत्रे चालू दिसतात, पण काम अडते. म्हणूनच हा दोष लवकर सापडत नाही.

तेव्हा नियम साधे आहेत. प्रत्येक पेटीला वेगळा पट्टा द्यावा. सर्व्हर बंद असतानाच पत्ता बदलावा. कोणत्या खणाला कोणता पत्ता, हे वहीत लिहावे आणि ती वही सर्व पाळ्यांना खुली ठेवावी. नोंद एकाच साहेबाच्या डोक्यात राहिली, की बिघाडाचे खापर रात्रपाळीच्या कंत्राटी कामगारावर फुटते. त्याच्या बचावाला अशा वेळी लेखी नोंदीइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.