रेघा सरकणारा मासा

१८०१ साली ब्लॉख आणि श्नायडर या मत्स्य-अभ्यासकांच्या ग्रंथात निकोबारच्या नावाने एका माशाची नोंद झाली. गडद निळं अंग आणि त्यावर एकात एक बसवलेली पांढरी कडी. पण मासा नवा नव्हताच! ब्लॉखनेच आधी वर्णन केलेल्या एम्परर एंजलफिशचं ते पिल्लू होतं. मोठा एम्परर निळा-पिवळा, आडव्या रेघांचा, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला. दोघांचं नातं रंगावरून कोणाला कळावं?

म्हणून ओळख पटवायची ती काट्यावरून. कल्ल्याच्या झाकणाखाली, गालाच्या कोपऱ्यात मागे वळलेला भक्कम काटा असला की एंजलफिश. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बटरफ्लायफिशला तो नसतो. हाच काटा जाळीत अडकतो, तेव्हा मासा हलवायचा असेल तर भांडं बरं. (गोड्या पाण्यातला ‘एंजल’ अॅमेझॉनकडचा; त्याचा या कुळाशी संबंध नाही.)

खरी गंमत रेघांची आहे. मासा वाढला की रेघाही रुंद व्हायला हव्यात, पण तसं होत नाही. १९९५ मध्ये जपानच्या कोंडो आणि असाई यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की एम्पररची रेघ एका टोकाला दुभंगते आणि तो फाटा बॅगेची चेन उघडावी तसा पुढे सरकत जातो. रेघांची संख्या वाढते, त्यांच्यातलं अंतर जवळपास तेवढंच राहतं. गणितज्ञ अॅलन ट्युरिंगने १९५२ मध्ये कागदावर मांडलेलं नक्षी उमटण्याचं गणित इथे जिवंत कातडीवर चाललेलं असावं, असा त्यांचा दावा होता. त्याचे रासायनिक धागेदोरे पुढे बरेच गुंतागुंतीचे निघाले, पण रेघा सरकतात हे डोळ्यांनी दिसतं.

घरी पाळायचा मोह इथेच होतो. दुकानातलं बोटभर पिल्लू पुढे ४० सेंटिमीटरपर्यंत जातं, हे दुकानदार क्वचितच सांगतो. त्याला शेकडो लिटरची, जिवाणू रुजून मुरलेली टाकी लागते. नव्या टाकीतला अमोनिया त्याला सोसत नाही. निसर्गात तो स्पंज खातो, त्यामुळे नुसत्या दाणेदार खाद्यावर तो खंगतो. एका टाकीत एकच ठेवावा, कारण स्वजातीयाशी त्याचं पटत नाही. प्रवाळ कुरतडण्याची खोड आहेच, आणि आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते टाकीत आणायचा विचारही नको. जागा कमी असेल तर सेंट्रोपायगी गटातले ठेंगणे एंजल बघावेत. त्यातले बरेचसे दहा-बारा सेंटिमीटरवर थांबतात.