तळ्यातला गणपती आणि आंबिल ओढा

पुण्याच्या सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. तळे कधीच गेले, त्या जागी हिरवळ आली. पाणी उरले ते नावात. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी गावातून वाहणारा आंबिल ओढा पश्चिमेकडे वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधवले. याच ओढ्यावर वर कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी नळांतून शहरात आणले. ओढा वळवणे हाही निसर्गातला हस्तक्षेपच. पण तो करताना पाण्याला थांबायला जागा ठेवली होती, हे विसरता कामा नये.

आज आपण बागेकडे शोभा म्हणून पाहतो. दरडोई किती चौरस मीटर हिरवाई, किती झाडे लावली, असा हिशेब मांडतो. बदलत्या हवामानात मात्र आधी विचारायला हवे, की ही जागा उन्हाचे आणि पावसाचे काय करते?

उन्हाचे उत्तर सोपे आहे. झाड सावली देते आणि मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे वाफेच्या रूपात सोडते. त्या वाफेसाठी उष्णता खर्ची पडते. घाम वाळताना अंग गार होते, तसेच हे. अर्थात मुळांशी ओल असेल तरच. म्हणजे उन्हाचा प्रश्नही अखेर पाण्यापाशीच येतो.

पावसाचे गणित वेळेचे आहे. टेकडीवरचे गवत पाण्याचा वेग मोडते, माती काही पाणी धरून ठेवते, काही काळ्या पाषाणाच्या भेगांत उतरते, उरलेले सावकाश ओढ्याला मिळते. उतार खणला, डांबर-सिमेंट अंथरले, ओढ्याला भिंतींत कोंडले, की तेवढाच पाऊस फार लवकर खाली पोचतो. पूर येतो तो या हरवलेल्या वेळातून.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने हे दाखवले. कात्रजपासून खाली सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत पाणी घुसले. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक बळी गेले. ओढ्याकाठी बंगले आणि सोसायट्या होत्या, तशाच वस्त्याही होत्या. पण ज्यांना दुसरीकडे घर परवडत नाही, त्यांना पुन्हा तिथेच राहावे लागले.

असाच धडा कोपनहेगनला २ जुलै २०११ रोजी मिळाला. दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला. पुढच्याच वर्षी त्या शहराने ढगफुटीसाठी स्वतंत्र आराखडा केला आणि निव्वळ मोठ्या गटारांवर न विसंबता बागा व रस्त्यांनाही कामाला लावले. एंगहावेपार्केन या जुन्या बागेतली काही जमीन खोल केली, कडेने बांध घातला. एरवी मुले जिथे खेळतात, तिथे अतिवृष्टीत सुमारे २२,६०० घनमीटर पाणी थांबू शकते. बाग बागच राहिली. वेळ पडली तर ती तळे होते.

पुण्याला तर वरच्या टोकापासून आरंभ करता येईल. १९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. त्यातली बरीच जमीन खासगी आहे, आणि मालकांच्या मोबदल्याचा प्रश्न खोटा नाही. परंतु टेकडीवरचे बांधकाम मोजताना खाली ओढ्याकाठच्या घरांत शिरणारे पाणी त्याच हिशेबात धरले पाहिजे. टेकडी, ओढा, बाग आणि नदी ही चार खात्यांची चार कामे नाहीत. पाण्याच्या लेखी ती एकच वाट आहे.

त्या वाटेवर पाण्याला थांबायला जागा ठेवायची, की ती जागा त्याने लोकांच्या घरांत शोधायची, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे. सारसबागेतल्या गणपतीचे जुने नाव तेवढे तरी आठवून देते.