दहा लाख बाइटांचा कावळा

टर्मिनल पाहिलाय का तुम्ही? लिनक्स किंवा मॅक संगणकावर ती एक काळीपांढरी खिडकी असते ना, तीच! चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती एक रेघ लुकलुकत असते. बघायला कंटाळवाणी, पण आतून भलतीच कामसू. आज तिच्याकडून एक गंमत करून घेऊ.

तिथे ‘येस’ नावाची एक कमांड आहे. तिला एक शब्द द्यायचा, की ती थांबवेपर्यंत तोच शब्द ओळीमागून ओळ लिहीत सुटते. आपण तिला कावळ्याची भाषा शिकवू:

येस काव | हेड -एन १००००० > कावळा

(इथे मी उच्चाराप्रमाणे लिहिलंय. तुम्ही कमांडची नावं आणि आकडे इंग्रजीत टाइप करा. ‘काव’ आणि ‘कावळा’ मात्र खुशाल मराठीत!) ‘हेड’ला आपण सांगितलं, एक लाख ओळी झाल्या की पुरे. मग ‘कावळा’ नावाची फाइल तयार होते. एक लाख वेळा काव!

तिचा आकार किती? ‘एलएस -एल’ लिहा आणि बघा: बरोबर १०,००,००० बाइट. एवढा नेमका आकडा कसा? संगणकाला ‘काव’ दिसतो तो असा: २२४ १६४ १४९, २२४ १६४ १९०, २२४ १६४ १८१. म्हणजे ‘क’चे तीन बाइट, कान्याचे तीन, ‘व’चे तीन आणि ओळ संपल्याचा एक. झाले दहा!

आता लिहा: जीझिप -के कावळा. एंटर दाबा. शेजारी ‘कावळा.जीझेड’ नावाची नवी फाइल येईल. तिचा आकार पाहा. सुमारे २,००० बाइट! पाचशेपट लहान. आणि ती पुन्हा उघडली, तर एक लाखच्या एक लाख काव जसेच्या तसे परत. एकही हरवत नाही.

मग मधल्या वेळात ते गेले कुठे?

कुठेच नाही. जीझिपने फक्त पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा केला. हे वाक्य घ्या: ‘पावसाची सर आली, पावसाची सर गेली’. दुसऱ्यांदा ‘पावसाची सर’ लिहायची काय गरज? त्याऐवजी एक सूचना लिहायची: ‘१६ चिन्हं मागे जा आणि तिथून ११ उचल’. मोजून बघा हवं तर. काना, वेलांटी, स्वल्पविराम आणि मोकळी जागा, सगळं वेगवेगळं मोजायचं. ही युक्ती १९७७ साली अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेच्या प्राध्यापकांनी मांडली. जीझिप असं ३२,७६८ बाइटांपर्यंत मागे वळून बघतो आणि एका सूचनेत जास्तीत जास्त २५८ बाइट उचलतो.

आता आपल्या कावळ्याची खरी करामत ऐका. पहिला ‘काव’ लिहून झाला, म्हणजे १० बाइट झाले. पुढची सूचना काय? ‘१० बाइट मागे जा आणि २५८ उचल.’ अरे, पण लिहिलेत फक्त दहाच! २५८ आणायचे कुठून? काळजी नको. उचललेलं लगेच पुढे लिहिलं जातं आणि ते पुन्हा उचलायला तयार असतं. कावळा आपल्याच कावकावीवर पुढे सरकत राहतो. अशा जेमतेम ३,९०० सूचनांत सगळे दहा लाख बाइट संपतात.

त्या सूचना तरी मोठ्या का लिहायच्या? इथे दुसरी युक्ती येते, आणि ती सापडली ती चक्क परीक्षा टाळण्याच्या नादात! १९५१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रॉबर्ट फॅनो या प्राध्यापकांनी मुलांना सांगितलं, वार्षिक परीक्षा द्या, नाहीतर एका प्रश्नावर निबंध लिहा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध निवडला. प्रश्न होता: चिन्हांना शून्य-एकची नावं द्यायची, तर सगळ्यात कमी जागा लागेल अशी कशी द्यायची? खूप डोकं खाजवूनही उत्तर सापडेना. तो नाद सोडून परीक्षेच्या अभ्यासाला लागणार, तेवढ्यात त्याला मार्ग सुचला. जे चिन्ह वारंवार येतं त्याला छोटं नाव, क्वचित येणाऱ्याला लांब, आणि ही नावं पाडायची सुरुवात सगळ्यात क्वचित येणाऱ्या चिन्हांपासून. १९५२ साली त्याचा लेख छापून आला. आपल्या कावळ्याच्या फाइलीत तर जवळजवळ सगळ्या सूचना एकसारख्या. म्हणून एक सूचना फक्त ४ बिटांत, म्हणजे चार शून्य-एकांत मावते. अर्ध्या बाइटात!

या दोन्ही युक्त्या फिल कॅट्झ यांनी आपल्या झिप फाइलींसाठी एकत्र आणल्या. त्याच जोडीवर ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी १९९२ मध्ये जीझिप बनवला.

पण जीझिपची एक खोड आहे. तो एका वेळी एकच फाइल आवळतो. तुमच्या ‘सहल’ फोल्डरमध्ये चाळीस फाइली असतील तर? आधी कुणीतरी त्यांचं एक गाठोडं बांधायला हवं. ते काम टारचं. १९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो आला. तेव्हा माहिती चुंबकीय फितीवर साठवायचे आणि फीत वाचायची ती सुरुवातीपासून ओळीने. म्हणून टार प्रत्येक फाइलीच्या आधी ५१२ बाइटांची एक चिठ्ठी ठेवतो. तीत फाइलीचं नाव, आकार आणि तारीख. फितीवर ठरावीक मापाचे तुकडे लिहिले जात, म्हणून शेवट तो शून्यांनी भरून काढतो. गंमत म्हणजे एकाच ‘काव’ची १० बाइटांची फाइल लिनक्सवर नुसती टार केली, तर होते १०,२४० बाइट! टार आवळत नाहीच, फक्त बांधतो. पण ती सगळी शून्यं बघून जीझिपला आनंद होतो. त्याच्या हातून हेच गाठोडं दोनशे बाइटांच्या आत येतं.

दोघांना एकदमच कामाला लावायचं असेल तर:

टार सीझेडएफ सहल.टार.जीझेड सहल

‘सी’ म्हणजे नवीन बनव, ‘झेड’ म्हणजे जीझिपने आवळ, ‘एफ’ म्हणजे पुढे फाइलीचं नाव येतंय. ‘एफ’च्या लगेच पुढे नव्या फाइलीचंच नाव हवं बरं का! चुकून तिथे तुमच्या निबंधाच्या फाइलीचं नाव टाकलंत, तर टार काही न विचारता त्याच नावाने गाठोडं लिहितो आणि निबंध गायब. आणि आत काय भरायचं हेच सांगायला विसरलात तर? लिनक्सवरचा टार उत्तर देतो की रिकामं गाठोडं बांधायची माझी हिंमत नाही, मी भित्रा आहे. खरंच, त्याचा संदेश असाच आहे!

उघडताना ‘सी’च्या जागी ‘एक्स’ लिहायचं: टार एक्सझेडएफ सहल.टार.जीझेड. पण त्याआधी ‘टी’ लावून टार टीझेडएफ करा. म्हणजे न उघडता आतली यादी दिसते. काही जण फोल्डर न करताच शेकडो सुट्या फाइली भरतात. ते गाठोडं उघडलं की तुमच्या फोल्डरभर फाइलींचा पसारा होतो. अशा खोडसाळ फाइलीला टार-बॉम्ब म्हणतात. आणि वाटेत एखादा बाइट बिघडलाय का, हे कसं कळणार? जीझिप फाइलीच्या शेवटी मूळ मजकुरावरून काढलेला एक तपासणी-आकडा लिहून ठेवतो. उघडताना तो पुन्हा काढतो. जुळला नाही, की तक्रार करतो.

आता तुमच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना आली असेल. आवळलेली फाइल पुन्हा आवळली तर? मग पुन्हा? करता करता एक बाइट उरेल!

मोबाइलवर काढलेला एखादा फोटो जीझिप करून बघा. जवळपास तेवढाच राहतो, कारण तो आधीच आवळलेला असतो. त्यात पुन्हा येणारं असं फारसं काही उरलेलं नसतं. आणि ज्यात पुन्हा काहीच येत नाही, अशी फाइल तर जीझिपमधून किंचित मोठी होऊन बाहेर पडते.

सगळ्याच फाइली लहान करणारं यंत्र कधी बनेल का? कागद घ्या. तीन बिटांच्या फाइली किती? ०००, ००१, ०१०... मोजा, आठ. त्यांच्यापेक्षा लहान फाइली किती? दोन बिटांच्या चार, एका बिटाच्या दोन आणि एक अगदी रिकामी. एकूण सात. आठ फाइलींना सात जागा! म्हणजे निदान दोघींना एकाच जागेत बसावं लागेल आणि उघडताना कुठली कुठली ते यंत्राला सांगताच येणार नाही. आता चार बिटांच्या सोळा फाइलींसाठी मोजा. मग पाच बिटांच्या बत्तीसांसाठी. दर वेळी नेमकी एकच जागा कमी पडते. का बरं, ते शोधा. आणि कुणी म्हणालं की माझं ॲप कुठलीही फाइल हमखास निम्मी करतं, तर त्याच्यापुढे या आठ फाइली ठेवा.