मास्तरांसाठी पुन्हा वाजला शाळेचा बँड

बियाणे आणि फवारणी आज बाजूला ठेवू. एका शाळेच्या बँडची हकीकत सांगतो. बँड म्हटला की आपल्याला वरात आठवते. हा मात्र अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला, ह्यूस्टन शहराच्या कॅशमीअर हायस्कूलचा. वस्ती बहुतेक काळ्या लोकांची.

तेथे कॉनरॅड जॉन्सन हे संगीतशिक्षक होते. मुले त्यांना 'प्रोफ' म्हणत. स्वतः उत्तम सॅक्सोफोन वाजवीत. पण गावोगाव फिरण्यापेक्षा घरसंसार सांभाळून त्यांनी मास्तरकी पत्करली. १९६७ साली गायक ओटिस रेडिंग यांचा कार्यक्रम त्यांनी पाहिला आणि आपली मुलेही असेच डोलत, ठेक्यात का वाजवणार नाहीत, असे त्यांच्या मनाने घेतले. नवी गाणी त्यांनी स्वतः रचली. तालीम कडक. १९६९ ते १९७७ या काळात ४६ स्पर्धांपैकी ४२ या पोरांनी जिंकल्या! युरोप आणि जपानातही वाजवून आली. १९७८ मध्ये मास्तर निवृत्त झाले.

पुढे तीस वर्षे गेली. पोरे पन्नाशीला टेकली. मास्तर ९२ वर्षांचे झाले, तेव्हा जुने विद्यार्थी त्यांच्या सन्मानासाठी शाळेत जमले. कित्येकांनी इतक्या वर्षांत वाद्याला हात लावला नव्हता. पडून राहिलेल्या मोटेचे चामडे ताठते ना, तशी बोटे नि ओठ ताठलेले. तरी तालमी केल्या आणि फेब्रुवारी २००८ च्या आरंभी मास्तरांना समोर बसवून ते वाजवले. त्याच महिन्याच्या ३ तारखेला मास्तर वारले. पुढे या प्रसंगावर 'थंडर सोल' नावाचा माहितीपट निघाला.

हे वाचताना मला चुटपुट लागली. मी शिकलो त्या शाळेत एक मास्तर ढोल-लेझीम शिकवीत. त्यांचा सत्कार करायचे आम्ही ठरवले. आधी सुगी आडवी आली, मग लगीनसराई. अखेर जमलो ते शोकसभेला. त्यांच्यासाठी घेतलेली शाल अजून माझ्या ट्रंकेत आहे.

तुमच्या शाळेचे मास्तर हयात असतील तर या २६ जानेवारीलाच बोलवा. शाळेचा ढोल ज्याने पैसे न घेता मढवून दिला, त्यालाही विसरू नका. आणि मास्तरांचे गुडघे दुखत असतील, तर आणायला कोणाची तरी जीप आदल्या दिवशीच सांगून ठेवा.