पत्ता मराठीत, पण टपाल कोण घेणार?

ई-मेलमधला मजकूर मराठीत लिहिता येतो, हे आता कुणाला सांगायला नको. पत्ता मात्र आपण अजून रोमन अक्षरांतच लिहितो. ज्या बाईला फक्त मराठी वाचता येते, तिला स्वतःचाच पत्ता दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

मी इंदापूरचा. माझा भाचा बारामतीत एका संस्थेचे संगणक सांभाळतो. संस्थेला स्वतःचा मेल सर्व्हर बसवायचा होता, पत्ते मराठीतही हवे होते. “मामू, ऱ्हस्व-दीर्घाचं तुम्ही बघा, बाकीचं मी बघतो,” असे म्हणून त्याने मला बोलावून घेतले. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण जे समजले ते सांगतो.

मेल सर्व्हर म्हणजे गावचे टपाल कार्यालयच. आपल्या गावचे पत्र पेटीत टाकायचे, परगावचे पुढे धाडायचे. पुढचे कार्यालय बंद असेल तर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा. म्हणूनच आपल्याकडे दोन-चार तास वीज गेली तरी बाहेरचे पत्र सहसा हरवत नाही, उशिरा येते.

हे काम करणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत. एरिक ऑलमन यांचे सेंडमेल १९८०च्या दशकातले. त्याची मांडणी भल्याभल्यांना घाम फोडते. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये एक्झिम लिहिले. वित्स व्हेनेमा यांचे पोस्टफिक्स १९९८ मध्ये आले. त्यात एकच कारभारी सगळे करत नाही. छोटे छोटे प्रोग्रॅम कामे वाटून घेतात आणि दारात परक्याशी बोलणाऱ्याच्या हाती तिजोरीची किल्ली नसते. ही रचना मला फार आवडली. तिन्ही फुकट मिळतात, तेव्हा प्रश्न पैशांचा नव्हता.

प्रश्न होता देवनागरीचा. पत्त्यात ‘ॲट’च्या उजवीकडे संस्थेचे नाव असते. ‘.भारत’ ही ओळख २०१४ मध्ये सुरू झाली. तिचे रोमन सांकेतिक रूप करता येते, त्यामुळे जुने सर्व्हरही ती पेलतात. डावीकडे माणसाचे नाव असते, आणि त्याला असे सांकेतिक रूप नाही. देवनागरी नाव जसेच्या तसे न्यायचे तर वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ‘एसएमटीपी-यूटीएफ-८’ हा २०१२ चा नियम कळायला हवा. दोन सर्व्हर भेटले की पत्र घेणारा आधी आपल्याला काय येते ते सांगतो. समोरच्याने हे नाव घेतले नाही, की पत्र परत. पोस्टफिक्सला हे २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून येते. भाच्याने तेच निवडले. पण एवढ्याने भागत नाही. पत्रे पेटीत ठेवणारे आणि पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर वेगळे असते. त्यांना हे कळत नसेल तर दारापर्यंत आलेले पत्रही माघारी जाते. विक्रेत्याने ‘मराठी चालते’ म्हटले, की नेमके काय चालते ते विचारा: मजकूर की पत्ता?

मग माझे काम आले. ‘इंदापूर’ आणि ‘इंदापुर’ आपल्याला एकच गाव वाटते; यंत्राला ती दोन गावे. यावर उपाय सोपा: दोन्ही नावे नोंदवून एकाच पेटीकडे वळवायची. सोबत एक रोमन पत्ताही ठेवायचा, कारण जगातले कितीतरी सर्व्हर अजून देवनागरी पत्ता घेत नाहीत.

बारामतीच्या कऱ्हेने मात्र आम्हाला दमवले. एका विभागाला ‘कऱ्हा’ नाव हवे होते. त्यातला ‘ऱ्ह’ कळफलकावरून दोन तऱ्हांनी निघतो. दिसायला अगदी सारखा, आत संकेत वेगळे. आणि एका तऱ्हेत तर डोळ्याला न दिसणारी खूण दडलेली असते. डोळ्यांनी तपासून चूक सापडणार कशी? शेवटी त्या विभागाचे नाव ‘नीरा’ ठेवले. ‘निरा’ लिहिणारे निघतीलच, म्हणून तीही नोंद करून टाकली.