डग्गा हरवला, सोफा हलवला!

छोट्या स्पीकरमधून भरदार बास हवाय? मग खिशात हात घालण्याआधी घरातलं फर्निचर जरा हलवून बघा...

शनिवारची दुपार. धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत एसटीनं पप्पा जळगावला आले होते. माझा भाड्याचा फ्लॅट, दहा बाय बाराची खोली आणि त्यात तीन महिने पैसे साठवून घेतलेली माझी लाडकी सिस्टीम. एक छोटा अ‍ॅम्प आणि चार इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर. मी ऐटीत एक अभंग लावला. पप्पांनी भजनी मंडळात तीस वर्षं तबला वाजवलाय. दोन मिनिटं शांतपणे ऐकून त्यांनी अहिराणीत एकच प्रश्न विचारला, "डग्गा कोठे गया?"

खरंच, तबल्याची टकटक ऐकू येत होती, पण डग्ग्याची घुमक गायब! दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, सबवूफर घ्या. बारा हजार." फ्रीलान्सिंगच्या कमाईत बारा हजार म्हणजे घरभाडं आणि वर डबा! मग म्हटलं, आधी जरा अभ्यास करू.

वायर सरळ आहे ना?

पहिला धक्का इथेच बसला. स्पीकर लांब ठेवता यावेत म्हणून मी वायरला जोड दिला होता, तोही दोन्ही तारा एकाच रंगाच्या असलेल्या साध्या वायरचा. त्यात एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झालं होतं. असं झालं की एक वूफर पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघं मिळून एकमेकांचा बास खाऊन टाकतात. गायकाचा आवाजही मधोमध न येता खोलीभर तरंगत राहतो.

तपासणं अगदी सोपं आहे. दोन्ही स्पीकर समोरासमोर, जवळ ठेवा आणि गाणं लावा. मग अ‍ॅम्प बंद करून एकाच स्पीकरच्या तारा उलट करा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बास जास्त, ती बरोबर. खर्च शून्य रुपये!

भिंत तुमची मैत्रीण, कोपरा मात्र आगाऊ

तार सुधारली आणि डग्गा परत आला. पण आता डावीकडून नुसतं 'घूं घूं'. कारण डावा स्पीकर कोपऱ्यात आणि उजवा बाल्कनीच्या उघड्या दाराशी होता. बासच्या लाटा चहूकडे पसरतात. मागे भिंत असली की त्या परत पुढे येतात आणि आवाज भरतो. कोपऱ्यात तर दोन भिंती आणि खाली फरशी, म्हणजे सगळ्यांचा मारा एकदम.

फंडा असा, की दोन्ही स्पीकरना सारखा शेजार द्या. मागच्या भिंतीपासून वीस-तीस सेंटिमीटरवर सुरुवात करा आणि थोडं थोडं पुढेमागे करत ऐका. बरोबर एक मीटरवर ठेवलात तर भिंतीवरून परतलेली लाट साधारण ८६ हर्ट्झजवळ मूळ लाटेला मारते आणि नेमका बासच्या पट्ट्यात खड्डा पडतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा. शोकेसच्या फळीवर ठेवत असाल तर खाली रबरी मॅटचा तुकडा हवाच, नाहीतर आतल्या कपबश्याही साथ करतात.

तुम्ही कुठे बसता?

बारा फूट लांब खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. तिचा जोर भिंतीला टेकून बसलं की सर्वात जास्त आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीच. माझा सोफा कुठे होता? बरोब्बर मध्यावर! तो मागच्या भिंतीपासून चार-साडेचार फुटांवर नेला. दोन स्पीकर आणि मी, असा समभुज त्रिकोण केला. फरक कानाला लगेच कळला.

कापसाच्या मुलखात गादीला काय तोटा?

धुळ्याच्या आमच्या जुन्या घरात पप्पांचा टेपरेकॉर्डरसुद्धा गोड वाजायचा. कारण? लाकडी छत. फळ्या स्वतः किंचित हलतात आणि थोडा बास गिळतात. शिवाय गोधड्या आणि गाद्यांचा ढीग. सिमेंटची भिंत आणि गुळगुळीत टाइल्स मात्र काहीच गिळत नाहीत. म्हणून जाड सतरंजी अंथरा, पडदे लावा, एखादी कापसाची गादी भिंतीला उभी करा. त्यानं खोलीतला खणखणाट कमी होतो आणि आवाजाचा तोल जमतो. ४७ हर्ट्झची घूं घूं मात्र गादीला दाद देत नाही. तिथे जागा बदलणं हाच उपाय.

बासचं बटण फुल्ल? नको!

सहा डेसिबल बास वाढवला की अ‍ॅम्पवर चौपट पॉवरचा भार पडतो. त्यात सूर जितका खालचा तितकी वूफरच्या कोनाची धावपळ जास्त. फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट हलावं लागतं. चार इंची वूफर मग फाटक्या आवाजात रडू लागतो. वाढवण्यापेक्षा जिथे घुमतंय तिथे थोडं कमी करा.

आणि रात्री हळू आवाजात बास बारीक वाटतो, तो दोष स्पीकरचा नाही. कमी आवाजात आपल्या कानालाच खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच हे दाखवून दिलं होतं. 'लाउडनेस'चं बटण त्यासाठीच असतं.

तर काय, मागच्या महिन्यात पप्पा पुन्हा आले. तोच अभंग लावला. या वेळी ते काही बोलले नाहीत. डोळे मिटले आणि डावा हात मांडीवर डग्गा वाजवू लागला. बारा हजार वाचले ते वेगळंच!

तरीही सबवूफर हवाच असेल तर...

• आधी वायर, जागा आणि सोफा. सबवूफर सगळ्यात शेवटी.
• सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि खोलीत रांगत फिरा. बास जिथे सर्वात एकसारखा वाटेल, तीच त्याची जागा. हसतील लोक, हसू द्या!
• क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. सबवूफर वेगळा ओळखू आला, तर तो जास्त झालाय.
• शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीपासून दूर ठेवा. बास भिंत ओलांडतो, आणि मग शेजारीही उंबरा ओलांडतात.