औषध देणारे हात थरथरतात तेव्हा

बेळगावच्या वडगावात विणकरांच्या गल्ल्यांतून मागांचा खडखडाट अजून थांबलेला नसतो, तोच रात्रपाळीच्या परिचारिका शहरातील इस्पितळांकडे निघतात. आमच्या धर्मग्रामांतून किती मुली ह्या सेवेत गेल्या, हे वाचकांस सांगावयास नको. आईबापांस त्यांचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. परंतु ह्या मुलींपैकी एखादी, किंवा आपल्याला तपासणारा डॉक्टरच मनाने आजारी पडला, अथवा व्यसनात सापडला, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे, हा विचार आपण क्वचितच मनात आणतो.

संत लूक स्वतः वैद्य होता. वैद्याने आधी स्वतःस बरे करावे, हा लोकांच्या तोंडचा टोमणा चार शुभवर्तमानांपैकी एकट्या त्याच्याच शुभवर्तमानात आला आहे. त्या टोमण्याची बोच त्याला ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

आजारी डॉक्टर आपला आजार झाकतो. परवाना जाईल, रुग्ण पाठ फिरवतील, घरातील मुलीचे लग्न अडेल, अशी त्याला धास्ती असते. शिवाय लक्षणांची नावे ठाऊक असल्यामुळे तो स्वतःच निदान करतो आणि स्वतःच गोळी घेतो. कपाटाची किल्ली त्याच्याच हाती! भूल देणाऱ्या डॉक्टरांना अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाचा धोका विशेष मानतात, तो ह्याच कारणाने. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा २७.८ जणांनी आपणांस मानसिक विकार असल्याचे सांगितले. म्हणजे हे दुखणे डॉक्टर होण्यापूर्वीच सुरू होते.

ह्या बाबतीत एक खरी हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन शहरी डॉ. बॉब स्मिथ नावाचे शस्त्रवैद्य होते. रात्री दारू आणि दिवसा हातांची थरथर थांबावी म्हणून शामक औषधे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. १२ मे १९३५ रोजी त्यांची गाठ न्यूयॉर्कच्या बिल विल्सनशी पडली. पंधरा मिनिटांहून अधिक बसणार नाही, असे ठरवून डॉक्टर गेले आणि कित्येक तास बसले. विल्सनने उपदेश केला नाही. तोही त्याच चिखलातून नुकता वर आला होता, आणि त्याने आपली स्वतःची कहाणी सांगितली. पुढे डॉक्टरांचा पाय आणखी एकदा घसरला. १० जून १९३५ रोजी शस्त्रक्रियेपूर्वी हात स्थिर राहावेत म्हणून त्यांनी थोडी बियर घेतली. तोच त्यांचा अखेरचा घोट. (आज अशा डॉक्टरास शस्त्रक्रिया करू देणार नाहीत, आणि देऊही नये.) ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना तो दिवस आपला जन्मदिन मानते.

त्याच शहरात संत थॉमस इस्पितळ होते, आणि रुग्णांना दाखल करून घेण्याच्या मेजावर सिस्टर इग्नेशिया बसत. मूळच्या त्या संगीतशिक्षिका. अतिश्रमाने प्रकृती पार खचल्यावर त्यांना हे काम दिले गेले. दारूड्यांना इस्पितळात घेण्याची तेव्हा रीत नव्हती. १९३९ साली डॉ. बॉब यांनी आणलेला रुग्ण सिस्टरांनी जठराच्या दाहाचा रुग्ण म्हणून नोंदवला आणि फुले ठेवण्याच्या खोलीत त्याची खाट लावली. १९५० साली डॉक्टर वारले, तोवर ह्या दोघांच्या हातून सुमारे ५,००० व्यसनग्रस्तांची शुश्रूषा झाली होती. एक सावरलेला डॉक्टर आणि एक सावरलेली धर्मभगिनी! इस्पितळांचे आश्रयदाते संत कामिल्लुस हेदेखील तरुणपणी जुगारात सर्वस्व घालवून बसले होते, ह्याचे येथे स्मरण होते.

डॉक्टरांच्या ह्या आजाराकडे अमेरिकन वैद्यकीय संघटनेने १९७३ साली अहवाल काढून लक्ष वेधले, आणि पुढे राज्याराज्यांत खास उपचारयोजना निघाल्या. त्यांत डॉक्टर काही काळ काम थांबवतो आणि अन्यत्र उपचार घेतो. त्यानंतर साधारण पाच वर्षे अवचित लघवीची तपासणी होते, व्यसनमुक्त सहकाऱ्यांच्या बैठका असतात, कामावर देखरेख राहते. सोळा राज्यांतील ९०४ डॉक्टरांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची पुढील हकीकत कळली, त्यांपैकी शेकडा ७८ हून अधिक जण पाच वर्षांनंतर परवान्यासह काम करीत होते. परवाना जाण्याची भीती त्यांच्या कामी आली असेल, हे खरे. पण तो टिकण्याची आशा नसती, तर बहुतेकांनी दार ठोठावलेच नसते, असे आमचे मत आहे. लंडनमध्येही २००८ पासून डॉक्टरांसाठी अशी गोपनीय सेवा सुरू झाली. तेथील कामाचे एक मर्म असे की, आलेल्या डॉक्टरास ‘तुम्हांला माहीतच आहे’ असे म्हणून वाटेला लावायचे नाही. इतर रुग्णांप्रमाणेच सारे विचारायचे आणि सारे समजावून सांगायचे.

आपल्या बाजूस केवळ डॉक्टर-परिचारिकांसाठी असे दालन जवळपास आढळत नाही. तरी वाटा बंद नाहीत. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले ‘मुक्तांगण’ आहे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीत वा कानडीत बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ह्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्कही दिला आहे.

मात्र पहिले दार घराचेच. रजेवर आलेली मुलगी रात्र रात्र जागते, एकटी बसते, तिच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटे वाढत जातात, हे आईलाच आधी दिसते. तेव्हा ‘तू तर लोकांना बरे करतेस’ असे तिला म्हणू नये. ‘प्रार्थना कमी पडली’ असे तर मुळीच नाही. जपमाळ अवश्य म्हणावी आणि तिला घेऊन धारवाडची गाडीही पकडावी. ती जगण्यास कंटाळल्याचे बोलू लागली, तर तिला एकटे सोडू नये आणि औषधे दूर ठेवावीत. शेजारणींनी विचारल्यास ‘बरे नाही’ एवढे उत्तर पुरे.

सिस्टर इग्नेशिया निरोपाच्या वेळी प्रत्येक रुग्णाच्या हाती येशूच्या पवित्र हृदयाचा एक छोटा बिल्ला देत. अट एकच असे: पुन्हा पहिला घोट घ्यावासा वाटला, तर आधी तो बिल्ला परत आणून द्यावा.